संगणकातील कामाची वाटणी

"जरा थांबा, सर्व्हर स्लो आहे." हे वाक्य आता खेड्यापाड्यांतही सर्वांच्या ओळखीचे झाले आहे. सातबाऱ्याचा उतारा काढायला जा, बँकेतून पीककर्जाची रक्कम उचलायला जा, नाहीतर मुलाच्या परीक्षेचा निकाल पाहायला बसा. कुठे ना कुठे हे शब्द कानावर येतातच. यंत्र हळू चालायला कारणे पुष्कळ. कधी मधल्या तारेत बिघाड असतो, कधी यंत्रच अपुरे पडते. पण कधी कधी असेही होते की यंत्र धडधाकट असते, त्याच्या अंगात ताकद भरपूर असते, आणि तरीही खिडकीपुढचा माणूस ताटकळत उभा राहतो. अशा वेळी खोट बहुधा कामाच्या वाटणीत असते. मोठ्या संगणकाच्या पोटात ही वाटणी कशी चालते, ती आपल्याला हवी तशी बदलता कशी येते, आणि त्यासाठी किंमत काय मोजावी लागते, एवढेच आज पाहायचे आहे.

प्रथम प्रोसेसर म्हणजे काय ते पाहू. संगणकात प्रत्यक्ष बेरीज-वजाबाकी करणारा, दोन आकड्यांत मोठा कोणता ते ठरवणारा, दिलेले हुकूम एकामागून एक पाळणारा जो भाग असतो, त्याला प्रोसेसर म्हणतात. बाकीचे भाग माहिती साठवतात, आणून देतात, पडद्यावर दाखवतात; राबतो तो प्रोसेसर. आणि कोणते काम कोणत्या प्रोसेसरने केव्हा करायचे हे ठरवणारा जो कारभारी प्रोग्रॅम, त्याला ऑपरेटिंग सिस्टिम असे नाव आहे. युनिक्स हा अशा कारभाऱ्यांपैकी एक. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज ह्या संशोधनसंस्थेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची ह्या दोघांनी १९६९ साली त्याचा पाया घातला.

त्या काळच्या अशा यंत्रात प्रोसेसर एकच असे. तरीही त्या एका यंत्रावर अनेक माणसे एकाच वेळी कामे करीत, आणि प्रत्येकाला वाटे की यंत्र आपल्यासाठीच चालले आहे. हे कसे साधत असेल? आमच्या शिक्षक मंडळींना हे सांगायला नकोच. एकशिक्षकी शाळा डोळ्यांपुढे आणा. एक गुरुजी आणि चार वर्ग. पहिलीला पाटीवर अक्षरे गिरवायला लावायची, तोवर दुसरीचे पाढे ऐकायचे. तिसरीला शुद्धलेखन द्यायचे की चौथीची गणिते तपासायला मोकळे. गुरुजी एकच, पण चारही वर्गांचे शिक्षण चालू राहते. युनिक्स हेच करते, फक्त गुरुजींच्या फेऱ्या मिनिटांच्या असतात आणि प्रोसेसरच्या फेऱ्या सेकंदाच्या लहानशा अंशात होतात.

पुढे यंत्रे वाढली. एकाच यंत्रात दोन, चार, आठ प्रोसेसर बसू लागले. अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स ह्या कंपनीने १९९७ साली एंटरप्राइज १०००० नावाचे यंत्र बाजारात आणले, त्यात ६४ पर्यंत प्रोसेसर बसवता येत. त्यावर सोलॅरिस नावाचे, युनिक्सच्याच घराण्यातले कारभारी होते. आपल्या पुण्यातील सी-डॅक ह्या संस्थेने १९९८ साली परम १०००० हा महासंगणक उभा केला. त्याचा प्रत्येक घटक म्हणजे सन कंपनीचे दोन प्रोसेसरांचे एक यंत्र होते. अशी पुष्कळ यंत्रे एकमेकांना जोडून तो बनवला होता.

म्हणजे शाळा मोठी झाली आणि शिक्षक आठ झाले. आता ह्या आठ जणांत काम वाटायचे कसे? सर्वांत सोपी रीत अशी, की जो मोकळा असेल त्याने पुढचे काम उचलायचे. सोलॅरिस असो की दुसरे कोणते युनिक्स, मुळात हीच रीत पाळते. रीत चांगली आहे, कारण एखाद्या प्रोसेसरपुढे कामांचा ढीग आणि शेजारचा हात बांधून बसला आहे, असे फारसे घडत नाही. बहुतेक ठिकाणी ह्यापलीकडे काही करायची गरजही नसते.

मग अडते कुठे? दोन ठिकाणी अडते.

पहिली अडचण धटिंगण कामाची. समजा, एका जिल्हा बँकेच्या मुख्य कचेरीत आठ प्रोसेसरांचे यंत्र आहे. दिवसभर शाखाशाखांतून खातेदारांचे व्यवहार त्याच्यावर येतात. हे काम लहान असते; एक व्यवहार क्षणात उरकतो. पण त्याच यंत्रावर कोणी वर्षाच्या व्याजाचा हिशेब सुरू केला, आणि तो हिशेब करणाऱ्या प्रोग्रॅमने कामाचे चाळीस तुकडे करून सगळे एकदम रांगेत उभे केले, तर? आठही प्रोसेसर त्यातच गुंततात. खिडकीशी पाचशे रुपये काढायला आलेल्या माणसाचे काम त्या गर्दीत शिरते आणि संधीची वाट पाहत बसते. तुम्ही म्हणाल, त्याला अग्रक्रम का देऊ नये? द्यावा. युनिक्समध्ये तशी सोय पहिल्यापासून आहे, आणि पुष्कळदा तेवढ्याने भागतेही. पण अग्रक्रमाने रांगेतला नंबर ठरतो. जागा राखून ठेवली जात नाही.

दुसरी अडचण फिरतीची. एका गुरुजींनी चौथीचा अपूर्णांकांचा धडा अर्धा शिकवला आणि त्यांना सहावीवर पाठवले. चौथीवर दुसरे गुरुजी आले. ते आधी विचारणार, "कुठवर आलं होतं रे?" फळ्यावर काय होते, कोणाला काय आले नाही, हे समजून घेण्यातच त्यांची पाच-दहा मिनिटे जाणार. प्रोसेसरचेही तसेच आहे. प्रत्येक प्रोसेसर चालू कामाची लागणारी माहिती आपल्या हाताशी, अगदी जवळच्या छोट्या साठ्यात ठेवतो. त्याला कॅश म्हणतात. मुख्य स्मृतीतून माहिती आणण्यापेक्षा कॅशमधून उचलणे कितीतरी पटींनी जलद असते. काम एका प्रोसेसरवरून दुसऱ्यावर गेले की नव्या ठिकाणी हा साठा पुन्हा भरावा लागतो. कारभारी शहाणा असतो. तो काम शक्यतो मूळ प्रोसेसरवरच परत आणतो. पण गर्दी झाली की त्याचाही इलाज चालत नाही.

ह्या दोन्ही अडचणींवर सोलॅरिसच्या २.६ ह्या आवृत्तीत, म्हणजे १९९७ साली, एक उपाय आला. त्याला प्रोसेसर सेट म्हणतात. आपण त्याला प्रोसेसरांचा गट म्हणू. कल्पना साधी आहे. आठ शिक्षकांपैकी दोघांना शिष्यवृत्तीच्या वर्गासाठी वेगळे काढायचे. त्या दोघांनी दुसऱ्या वर्गावर जायचे नाही, आणि शिष्यवृत्तीच्या मुलांनीही दुसऱ्या कोणाकडे जायचे नाही. बाकी सहा जण उरलेली शाळा पूर्वीप्रमाणे सांभाळतील.

हे प्रत्यक्षात कसे करतात पाहा. यंत्रातील प्रोसेसरांना क्रमांक असतात. आपल्या आठांना ० ते ७ म्हणू. गट करण्याच्या हुकमाचे नाव पीएसआरसेट. यंत्राला तो रोमन अक्षरांतच द्यावा लागतो. त्याच्यापुढे उणे चिन्ह, सी हे अक्षर आणि मग ६ व ७ हे आकडे लिहिले की ह्या दोन प्रोसेसरांचा नवा गट तयार होतो. यंत्र त्या गटाला क्रमांक देते, समजा १. मग दुसरा हुकूम: त्याच नावापुढे उणे चिन्ह आणि बी हे अक्षर, गटाचा क्रमांक, आणि जे काम त्या गटाला बांधायचे त्या कामाचा क्रमांक. झाले. त्या क्षणापासून ते काम ६ आणि ७ ह्यांवरच चालेल, आणि ज्यांना बांधलेले नाही अशी कामे ह्या दोघांकडे फिरकणारही नाहीत. बांधलेल्या कामाने पुढे पोटकामे काढली, तर तीही जन्मतः त्याच गटात राहतात. गट नको झाला तर मोडता येतो. मग प्रोसेसर पुन्हा सामाईक होतात आणि कामे मोकळी होतात.

ह्याला काही नियम आहेत. एक प्रोसेसर एका वेळी एकाच गटात असू शकतो. सगळेच प्रोसेसर गटांत वाटून टाकता येत नाहीत. निदान एक तरी सामाईक ठेवावा लागतो, कारण यंत्राची स्वतःची घरकामे कोणीतरी करायला हवीत. आणि गट करण्याचा अधिकार यंत्राच्या व्यवस्थापकालाच असतो. हे योग्यच आहे. नाहीतर ज्याच्या मनात येईल तो आपल्यापुरते चार प्रोसेसर बाजूला काढून बसेल.

इथे एका गोष्टीत पुष्कळांचा गोंधळ होतो, म्हणून ती वेगळी सांगतो. सोलॅरिसमध्ये पीबाइंड नावाचा आणखी एक हुकूम आहे. त्याने एखादे काम एका ठरावीक प्रोसेसरला बांधता येते. ऐकायला दोन्ही सारखे वाटतात, पण फरक मोठा आहे. पीबाइंडने काम बांधले जाते, प्रोसेसर मात्र मोकळाच राहतो. त्याच्याकडे दुसरी कामे येतच राहतात. म्हणजे मुलाला सांगितले, "तू जोशी गुरुजींकडेच जायचे," पण जोशी गुरुजींना मात्र इतर मुले घेऊ नका असे सांगितलेच नाही. मग गर्दी झाली की ह्या मुलाची उलट अधिकच पंचाईत, कारण शेजारचे गुरुजी मोकळे असले तरी त्याला तिकडे जाता येत नाही. गटात दोन्ही बाजूंनी बंधन असते. राखणे आणि बांधणे ह्यांतला हा फरक लक्षात ठेवावा.

आता शाळेत आणखी एक उपद्रव असतो. वर्ग रंगात आलेला असतो आणि शिपाई दारात येऊन उभा राहतो: "गुरुजी, टपाल आलंय, सही हवी." संगणकातही असे शिपाई आहेत. तारेवरून माहिती आली, तबकडीवरचे लिखाण पुरे झाले, की ती उपकरणे प्रोसेसरला हाक मारतात. ह्या हाकेला इंटरप्ट म्हणतात. गट केला म्हणून ह्या हाका आपोआप थांबत नाहीत. त्यासाठी पीएसआरसेटमध्येच वेगळी सोय आहे. गटातील प्रोसेसरांना उपकरणांच्या हाकांपासून मोकळे करायचे, आणि तो भार सामाईक प्रोसेसरांवर टाकायचा. ज्या कामात क्षणाचाही विलंब चालत नाही, तिथे ही सोय फार उपयोगी पडते.

इथपर्यंत ऐकून कोणाला वाटेल, मग काय, सगळ्या यंत्रांत गटच गट करून टाकावेत. थांबा. आता किंमत ऐका.

समजा, व्याजाच्या हिशेबाला आठही प्रोसेसर लावले तर तीन तास लागतात, आणि काम आठांत बरोबर वाटले जाते. म्हणजे एकूण काम चोवीस प्रोसेसर-तासांचे झाले. दोन प्रोसेसर खिडकीच्या कामासाठी राखले, की हिशेबाला सहाच उरले. त्याला चार तास लागणार. चार राखले तर सहा तास. आणि रात्री दोन वाजता खिडकी बंद, एकही खातेदार नाही. तरीसुद्धा राखलेले प्रोसेसर स्वस्थ बसून राहणार, कारण त्यांच्याकडे दुसऱ्या कामाने जायचेच नाही असा आपलाच हुकूम आहे. आणि उलट बाजूने पाहा. सणाच्या आदल्या दिवशी खिडकीवर झुंबड उडाली, दोन प्रोसेसर कमी पडले, तरी त्या कामाला बाहेरच्या सहांची मदत मिळणार नाही. भिंत दोन्हीकडून भिंतच असते.

म्हणून जाणते व्यवस्थापक वाटणी एकदा करून विसरत नाहीत. गट चालू यंत्रातच बदलता येतात, यंत्र बंद करावे लागत नाही. दिवसा खिडकीच्या गटाला पाच प्रोसेसर द्यावेत, संध्याकाळी कचेरी सुटली की त्यांतले चार काढून हिशेबाकडे वळवावेत, सकाळी पुन्हा परत आणावेत. युनिक्समध्ये ठरलेल्या वेळी ठरलेला हुकूम आपोआप देण्याची सोय आहे, तिच्यावर हे काम सोपवता येते. पाटाचे पाणी जसे आज ह्या शेताला, उद्या त्या शेताला पाळीने सोडतात, तसेच हे. एक खबरदारी मात्र घ्यावी. पीएसआरसेटने केलेले गट यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की नाहीसे होतात. सुरुवातीच्या हुकमांत ते लिहून ठेवले नसतील, तर वीज जाऊन आल्यावर सगळी व्यवस्था पूर्वपदावर येते आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही. ही उणीव ओळखून २००२ साली आलेल्या सोलॅरिस ९ मध्ये वाटणीचा आराखडा फाइलीत जपून ठेवण्याची सोय केली गेली. तिला रिसोर्स पूल म्हणतात.

आणखी एक बारकावा. कोणते प्रोसेसर एका गटात घालावेत? सगळे सारखेच, असे समजू नये. सन कंपनीने २००५ साली अल्ट्रास्पार्क टी-१ नावाची चिप आणली. तिच्यात आठ गाभे होते, आणि प्रत्येक गाभा चार कामे आलटून पालटून सांभाळी. त्यामुळे कारभाऱ्याला तिथे ३२ प्रोसेसर दिसत. पण ० ते ३ हे चार क्रमांक म्हणजे खरे पाहता एकाच गाभ्याची चार तोंडे. चार मुले एकाच बाकावर, दौत एकच. त्यांतले दोन एका गटात आणि दोन दुसऱ्या गटात घातले, तर कागदावर गट वेगळे झाले, पण आत ओढाताण चालूच राहणार. आजच्या बहुतेक चिपांतही गाभे कसली ना कसली साधने वाटून घेतात. तेव्हा गाभ्याच्या सीमेवरच भिंत घालावी, मधोमध घालू नये.

ही कल्पना सोलॅरिसपुरती राहिली नाही. लिनक्स हे युनिक्सच्या धर्तीचे कारभारी, त्याच्या २.६.१२ ह्या २००५ सालच्या आवृत्तीत सीपीयूसेट नावाने अशी सोय आली. फ्रान्समधील बुल आणि अमेरिकेतील सिलिकॉन ग्राफिक्स ह्या कंपन्यांच्या लोकांनी ती घडवली. तिच्यात प्रोसेसरांबरोबर स्मृतीचीही वाटणी करता येते, म्हणजे कामाला माणूस आणि त्याच्याजवळचे कोठार दोन्ही मिळते.

आणि श्रोतेहो, हीच सोय तुमच्या खिशात आहे. ज्या फोनांत अँड्रॉइड चालते, त्यांच्या मुळाशी लिनक्सच असते. आजच्या पुष्कळ फोनांत आठ गाभे असतात, काही दणकट आणि काही काटकसरी. पडद्यावर जे चालू आहे त्याचा एक गट, मागे गुपचूप चाललेल्या कामांचा दुसरा गट, अशी विभागणी अँड्रॉइड सीपीयूसेटच्या मदतीने करते. मागच्या कामांना सहसा काटकसरी गाभे मिळतात. त्यामुळे तुम्ही बाजारभाव पाहत असताना मागे फोटोंची साठवण चालू असली तरी पडदा फारसा अडत नाही, आणि बॅटरीही वाचते.

शिक्षक बंधु-भगिनींना ह्याचा एक खेळ सुचवतो. त्याला संगणक लागत नाही. आठ मुले घ्या. ती झाली प्रोसेसर. बत्तीस चिठ्ठ्यांवर मोठे गुणाकार लिहा, प्रत्येकाला साधारण तीन मिनिटे लागतील असे. दहा चिठ्ठ्यांवर अर्ध्या मिनिटाच्या सोप्या बेरजा लिहा. पहिल्या डावात मोठ्या चिठ्ठ्यांची एकच रांग लावा, आणि खेळ सुरू झाल्यावर एका मिनिटाने सोप्या चिठ्ठ्या रांगेच्या शेवटी ठेवा. मोठी गणिते साधारण बारा मिनिटांत उरकतील, पण पहिली सोपी बेरीज तोवर हातात घेतली जाणार नाही. दुसऱ्या डावात दोन मुले सोप्या चिठ्ठ्यांसाठी राखा. बेरजा आल्या आल्या हातोहात उरकतील. मोठ्या गणितांना मात्र सहा मुलांच्या सहा फेऱ्या, म्हणजे अठरा मिनिटे लागतील, आणि राखलेली दोन मुले बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसतील. दोन्ही डावांतले आकडे फळ्यावर शेजारी शेजारी मांडा आणि मुलांनाच विचारा, कोणती रीत बरी? वर्गात दोन तट पडतील, आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असेल.

म्हणूनच गट करण्याआधी मोजावे. सोलॅरिसमध्ये एमपीस्टॅट नावाचा हुकूम प्रत्येक प्रोसेसर किती वेळ राबला, किती वेळ बसून राहिला, कामे किती वेळा एकावरून दुसऱ्यावर गेली, हाका किती आल्या, ह्याचा आढावा देतो. चार-आठ दिवस, कामाच्या आणि सुटीच्या वेळी, हे आकडे पाहावेत. प्रोसेसर मोकळेच असतील आणि तरी काम अडत असेल, तर दुखणे दुसरीकडे आहे. तिथे गट करून गुण येणार नाही. प्रोसेसरच कमी पडत असतील, तरच वाटणीचा विचार करावा. आणि त्या वेळी शेवटचा प्रश्न यंत्राचा राहत नाही. कोणाचे काम एक तास उशिरा झाले तरी चालेल, आणि कोणाला उन्हात ताटकळत ठेवता कामा नये, हे यंत्राला ठाऊक नसते. ते कचेरी चालवणाऱ्यांनी आपसांत बसून ठरवायचे, आणि मग व्यवस्थापकाने तो निर्णय दोन ओळींच्या हुकमात यंत्राला सांगायचा.

पुढच्या वेळी "सर्व्हर स्लो आहे" हे शब्द कानावर आले, तर घाई असली तरी रागावू नका. पण इतके अवश्य विचारा, "साहेब, ह्या वेळी यंत्रावर दुसरं कोणतं मोठं काम चाललंय का हो?" उत्तर होय असे आले, तर ते काम रात्री करण्याची सूचना द्यायला तुम्हांला आता हरकत नाही.